इंडोनेशियाची सहल: जावा आधी की फक्त बाली? (दोघांसाठी, जूनचा उत्तरार्ध)

येरळाकाठ (तासगाव)

नमस्कार. मी आणि माझी पत्नी, आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले आहोत. घरी द्राक्षबाग आणि थोडी हळद आहे. भारताबाहेर आम्ही यापूर्वी गेलेलो नाही. मुलीच्या आग्रहाखातर येत्या वर्षी इंडोनेशियाला जायचे ठरवले आहे. आमच्या धंद्यात सुटी पंचांग पाहून मिळत नाही, बाग देईल तेव्हा घ्यावी लागते. एप्रिलची खरड छाटणी झाली, त्यानंतरची विरळणी आणि सबकेनची (शेंडा खुडून बगलफूट वाढवण्याची) कामे उरकली, की जूनच्या उत्तरार्धात फवारण्यांखेरीज फारसे काही उरत नाही आणि तेवढे धाकटा भाऊ पाहू शकतो. ऑक्टोबर छाटणीची तयारी सुरू झाली की मात्र बांधावरून हलता येत नाही.

सांगलीतल्या एका सहल कंपनीने बालीचा कार्यक्रम दिला आहे. त्यात पाच रात्री, रोज तीन ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी तासभर आणि रात्री भारतीय जेवण असा बेत आहे. एवढ्या लांब जाऊन इतक्या घाईने परत यायचे माझ्या मनाला पटत नाही. आम्ही साधारण दोन आठवडे काढू शकतो. प्रश्न असा आहे की तेवढ्या काळात फक्त बाली करावे की जावा बेटही जोडावे? पाऊस, खर्च, जेवण आणि दगदग या चारही बाजूंनी माहितगारांनी लिहावे ही विनंती.

अजिंक्यतारा (सातारा)

येरळाकाठ दादा, तुम्ही निवडलेला काळ उत्तम आहे. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण आठ अंशांवर आहे. आपल्याकडे मृग बरसू लागतो तेव्हा तिथे कोरडा हंगाम चालू असतो आणि तो साधारण मे ते सप्टेंबर टिकतो. जुलै-ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलिया आणि युरोपातून पर्यटकांचा लोंढा येतो व हॉटेलांचे दर चढतात. जूनचा उत्तरार्ध त्या लोंढ्याच्या थोडा आधीचा आहे, म्हणून तारखा शक्यतो महिनाअखेरीच्या आत बसवाव्यात.

माझे मत स्पष्ट आहे. जावा जोडावे आणि जावाच आधी करावे. मी आणि माझी पत्नी निवृत्तीनंतर याच क्रमाने गेलो होतो. बालीत आधी गेलेला माणूस समुद्र आणि आराम यांत सैलावतो आणि मग पहाटे उठून देवळांच्या पायऱ्या चढायला त्याचे मन तयार होत नाही. शिवाय बालीतला हिंदू धर्म कुठून आला हे जावात कळते, बालीत ते कळत नाही.

मुक्काम योग्यकार्ता शहरात ठेवावा. तिथून बोरोबुदूर साधारण ४० किलोमीटरवर आहे आणि प्रंबाननची हिंदू मंदिरे शहराच्या पूर्वेला अगदी जवळ आहेत. दोन्ही नवव्या शतकातली बांधकामे आहेत आणि दोन्ही १९९१ साली जागतिक वारशाच्या यादीत आली. बोरोबुदूर हा बौद्ध स्तूप आहे. त्याचे खालचे सहा थर चौकोनी आणि वरचे तीन गोल आहेत. भिंतींवर २,६७२ शिल्पपट, ५०४ बुद्धमूर्ती आणि वरच्या गोल थरांवर जाळीदार असे ७२ स्तूप आहेत. शिल्पपटांची कथा उजवी बाजू आत ठेवून, म्हणजे आपण प्रदक्षिणा घालतो त्याच दिशेने वाचायची असते. बहुतेक मंडळी जिन्याने तडक माथ्यावर जातात, छायाचित्र काढतात आणि उतरतात, त्यामुळे बोरोबुदूरचा मोठा भाग त्यांनी न पाहिल्यासारखाच होतो. दगडांची झीज थांबवण्यासाठी आता वर चढणाऱ्यांची रोजची संख्या मर्यादित केली आहे. चढणाऱ्यांना तिथलीच खास चप्पल घालावी लागते आणि सोबत वाटाड्या असतो. म्हणून चढण्याचे तिकीट आधी ऑनलाइन घ्यावे. नुसत्या आवाराचे तिकीट वेगळे असते, आणि ते घेऊन गेलेल्यांना स्तूप खालूनच पाहावा लागतो.

प्रंबाननला मात्र घाई अजिबात करू नये. मधले शिवमंदिर ४७ मीटर उंच असून त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रह्मा आणि विष्णू यांची मंदिरे आहेत. शिवमंदिरात चार दालने आहेत. त्यांत उत्तरेला महिषासुरमर्दिनी, पश्चिमेला गणपती आणि दक्षिणेला अगस्ती आहेत. रामायणाची शिल्पे शिवमंदिराच्या कठड्यावर आतल्या अंगाने सुरू होतात आणि ब्रह्मदेवाच्या मंदिरावर पूर्ण होतात, हे ठाऊक नसेल तर कथा अर्धी सुटते. २००६ च्या भूकंपात या मंदिरांची बरीच हानी झाली होती. आवारात पसरलेले दगडांचे ढीग पाहिले म्हणजे मूळच्या २४० मंदिरांपैकी किती थोडी पुन्हा उभी राहिली आहेत याचा अंदाज येतो. मे ते ऑक्टोबर या काळात तिथे खुल्या रंगमंचावर, मागे ही शिखरे ठेवून, रामायणाचे नृत्यनाट्य होते. संवाद नसल्यामुळे भाषेची अडचण येत नाही, कथा तर आपल्याला पाठच असते.

विश्रामबाग (सांगली)

कागदपत्रांचे मी लिहितो, कारण चांगल्या सहली बहुधा तिथेच अडखळतात.

भारतीयांना इंडोनेशियात आगमनानंतर व्हिसा मिळतो आणि तो ऑनलाइन आधीही काढता येतो. शुल्क ५,००,००० रुपिया आहे. आपला एक रुपया म्हणजे पावणेदोनशेच्या वर रुपिया, त्यामुळे आकडा ऐकून घाबरू नये. माणशी पावणेतीन हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. व्हिसाची मुदत ३० दिवस असते. पासपोर्टची मुदत पोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने शिल्लक हवी आणि परतीचे तिकीट दाखवता आले पाहिजे. बालीसाठी याखेरीज १,५०,००० रुपियांची पर्यटक पट्टी आहे. ती १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाली असून ऑनलाइन भरून तिचा क्यूआर कोड मोबाइलमध्ये ठेवता येतो.

तिकिटे काढताना एक गोष्ट काटेकोरपणे पाहावी. मुंबई ते सिंगापूर एका कंपनीचे आणि सिंगापूर ते योग्यकार्ता दुसऱ्या कंपनीचे, अशी दोन स्वतंत्र तिकिटे स्वस्त दिसतात. मात्र तशा वेळी सामान बहुधा थेट पुढे जात नाही. ते घेण्यासाठी सिंगापुरात इमिग्रेशनच्या बाहेर यावे लागते आणि त्यासाठी भारतीयांना सिंगापूरचा व्हिसा लागतो. तो नसेल तर मुंबईच्या काउंटरवरच अडचण सुरू होते. म्हणून संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्यावा. जाताना योग्यकार्ताला उतरायचे आणि परतताना बालीतल्या देनपसारहून निघायचे, असे तिकीट मागितले तर मिळते आणि जावाला मागे फिरण्याचा हेलपाटा वाचतो.

प्रवासविमा घेताना ज्वालामुखीच्या राखेमुळे विमान रद्द झाल्यास भरपाई मिळते का, हे लेखी विचारावे. हा प्रश्न कोणाला विनोदी वाटेल, परंतु नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेस बेटावरील लेवोतोबी ज्वालामुखीच्या राखेमुळे बालीची अनेक विमाने रद्द झाली होती. तो डोंगर बालीपासून कितीतरी लांब आहे, तरी राख वाऱ्याबरोबर येते. सहल कंपनीकडून पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस (कंपनीने जागीच वसूल केलेला आयकर) घेतला जाईल. त्याची नोंद पॅनवर होते आणि विवरणपत्र भरताना ती रक्कम वळती करून घेता येते, एवढे आपल्या कर सल्लागाराच्या कानावर घालून ठेवावे.

आणखी एक, तासगाव परिसराला उद्देशून. सिंगापूरमार्गे जाणार असाल तर खिशात तंबाखू-चुन्याची पुडी ठेवू नये. खाण्याची तंबाखू तिथे नेण्यास बंदी आहे. मसाल्यात खसखस असेल तर तो मसालाही घरीच ठेवावा.

येरळाकाठ (तासगाव)

हा प्रतिसाद मी, म्हणजे यांची पत्नी, लिहीत आहे. यांनी वाचून दाखवले, ते सर्व ऐकले. देवळे पाहायला माझी ना नाही, प्रंबाननचा गणपती तर पाहायचाच आहे. परंतु मला समुद्र पाहायचा आहे, आणि तो गाडीच्या काचेतून नव्हे. लग्नानंतर गणपतीपुळ्याला गेलो होतो, तेव्हा पोर कडेवर होते. मला पोहता येत नाही, गुडघे कुरकुरतात, पण पाण्यात कमरेपर्यंत उभे राहून सकाळ काढायची इच्छा आहे. यांचा कल भातशेती पाहण्याकडे चालला आहे. भाताची खाचरे पाहायला पाच हजार किलोमीटरच्या वर जायचे असेल तर मी चांदोलीला जाऊन येते. बायकांपैकी कोणी गेले असेल तर त्यांनी कृपया समुद्राचे लिहावे.

उरमोडी (सातारा)

वहिनी, तुमच्यासाठी सानूर. बालीच्या दक्षिण-पश्चिमेचे कुता, सेमिन्याक हे किनारे प्रसिद्ध असले तरी तिथल्या लाटा मोठ्या असतात आणि पाण्याची ओढ माणसाला आत खेचते. लाल झेंडा लावलेला असेल तिथे गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. सानूरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, समोर प्रवाळाची भिंत आहे आणि ती लाटा अडवते. म्हणून आत पाणी शांत आणि उथळ असते. ओहोटीला पाणी फार मागे जाते, त्यामुळे भरतीच्या वेळा हॉटेलात विचारून घ्याव्यात. किनाऱ्याला लागून काही किलोमीटरचा फरसबंद रस्ता आहे आणि गुडघ्यांना तो वाळूपेक्षा सोपा जातो.

नुसा पेनिदा हे जवळचे बेट प्रत्येक पॅकेजमध्ये असते. तिथल्या केलिंगकिंगच्या कड्याखालचा किनारा छायाचित्रात मोहक दिसतो, पण तिथे उतरायला जवळजवळ उभी वाट आहे. दुखऱ्या गुडघ्यांनी ती उतरू नये. नावेचा प्रवासही या महिन्यांत बराच उसळता असतो. मी तो दिवस वगळून सानूरलाच राहावे असे सुचवीन.

आता थोडे वैद्यकीय, कारण माझा व्यवसाय तोच आहे. बालीत २००८ पासून रेबीजचा प्रादुर्भाव आहे. उबुदच्या माकडांच्या वनात आणि उलुवातूच्या मंदिरात माकडे अंगावर येतात, चष्मा आणि मोबाइल पळवतात. त्यांच्याशी झटापट करू नये, हातात खाऊ ठेवू नये. माकड किंवा कुत्रा चावला अथवा ओरखडा निघाला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लस घ्यावी. सहल संपल्यावर साताऱ्यात येऊन दाखवू, असा विचार करू नये. डेंग्यूसाठी डास दूर ठेवणारे मलम दिवसाही लावावे. नळाचे पाणी पिऊ नये. विमानात दर तासा-दोन तासांनी उठून चालावे आणि पिंढऱ्या हलवत राहाव्यात. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, मोठ्या बॅगेत नव्हे. स्कूटर भाड्याने सहज मिळते, पण दुचाकीसाठीचा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. दिवसभरासाठी चालकासह गाडी घेणे तुम्हा दोघांना अधिक सोयीचे पडेल.

कोयनाकाठ (कराड)

वहिनींचा समुद्राचा हक्क मान्य करून मी दादांच्या भातशेतीची बाजू मांडतो, कारण ही खाचरे चांदोलीसारखी नुसती पाहायची नाहीत. मी पाटबंधाऱ्याच्या नोकरीत आयुष्य काढले आहे, आणि बालीत मला सर्वाधिक पाहण्यासारखी वाटली ती तिथली पाणीवाटपाची पद्धत. तिला सुबक म्हणतात.

एका बंधाऱ्यातून किंवा पाटातून ज्यांच्या शेतांना पाणी मिळते त्या सर्व शेतकऱ्यांची मिळून एक सुबक संस्था होते. अकराव्या शतकातल्या लेखांत तिचे उल्लेख सापडतात. प्रत्येक सुबकचा प्रमुख शेतकऱ्यांतूनच निवडला जातो, त्याला पेकासेह म्हणतात. पाटाच्या फाट्यावर खाचा पाडलेला लाकडी ओंडका आडवा टाकलेला असतो. खाचेची रुंदी ज्याच्या त्याच्या हिश्श्याइतकी असते. पाणी वाढले तर सर्वांचे वाढते, आटले तर सर्वांचे आटते. मोजमाप उघड्यावर असल्यामुळे कोणाचीही चोरी लपत नाही.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळापत्रक. एकाच नदीवरच्या अनेक सुबक मिळून जलमंदिरांच्या सभेत पेरणीचा क्रम ठरवतात. बातूर सरोवराजवळचे उलुन दानू बातूर हे त्यांतले प्रमुख मंदिर आहे. काही गावे एकाच वेळी लावणी करतात आणि एकाच वेळी शेत मोकळे ठेवून पाण्याखाली बुडवतात, त्यामुळे मोठ्या पट्ट्यात किडीला खायला काही उरत नाही आणि तिची साखळी तुटते. मात्र सगळ्यांनीच एकदम लावणी केली तर पाणी पुरत नाही. पाणी आणि कीड यांचा हा तोल साधण्याचे काम देवळातल्या सभेत होते. १९७० च्या दशकात हरितक्रांतीच्या कार्यक्रमात जास्त पिके घेण्यासाठी हे वेळापत्रक मोडले गेले, प्रत्येकाने जमेल तेव्हा लावणी केली आणि किडीने थैमान घातले. मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग यांनी पुढे संगणकीय प्रतिमान तयार करून दाखवले की जुने वेळापत्रक उत्पादनाच्या दृष्टीनेही योग्य होते.

२०१२ साली या सुबक भूप्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच अधिवेशनात पश्चिम घाटाचा समावेश झाला आणि आपले कास पठार त्यात आले, हे सातारकरांना आठवत असेल. पाहण्यासाठी बातुकारू डोंगराच्या उतारावरचे जातिलुवीह निवडावे. उबुदजवळच्या तेगालालांगला झोपाळे आणि छायाचित्रांची दुकाने फार झाली आहेत. जातिलुवीहला पाऊलवाटेने पाटाच्या कडेकडेने चालता येते. खाचरांच्या कोपऱ्यात छोटी देव्हारी दिसतील. ती देवी श्रीची आहेत, आणि तिथे पाणी सोडताना पूजा होते.

येरळाकाठ (तासगाव)

कोयनाकाठ साहेब, तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलेत. आमच्याकडे आवर्तन (पाळीचे पाणी) सुटले की हेडचा, म्हणजे कालव्याच्या तोंडाचा शेतकरी तुडुंब आणि टेलचा, म्हणजे शेवटाचा कोरडा, हे म्हैसाळ आणि टेंभू उपसा योजनांच्या पट्ट्यात कोणालाही विचारावे. तिथल्या वरच्या गावाला खालच्या गावाशी जुळवून घेण्याची काय गरज पडते? पाणी तर त्याच्या हातात आधी येते.

कोयनाकाठ (कराड)

किडीमुळे. खालच्या गावाला पाणी हवे असते आणि वरच्या गावाला कीड नको असते. वरच्याने खालच्याला पाणी नाकारले तर खालचा वेळापत्रक सोडून भलत्या वेळी लावणी करतो, आणि त्याच्या शेतात वाढलेली कीड वर येते. लान्सिंग यांच्या मांडणीचा गाभा हाच आहे. आपल्याकडे उसाने आणि द्राक्षाने हे गणित वेगळे केले आहे, त्यामुळे तिथली पद्धत उचलून इथे लावता येईल असे मी म्हणत नाही. पण जातिलुवीहला एखाद्या शेतकऱ्याशी चालकाला दुभाषा करून तासभर बोलावे. शेतकरी माणूस आहात हे कळल्यावर ते तुम्हाला फाटा दाखवायला स्वतः घेऊन जातील.

मिरजेचा तंबोरा (मिरज)

देवळे, समुद्र, पाणी सर्व झाले, संगीताचे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जावा आणि बाली दोन्हीकडे गामेलान नावाचा वाद्यमेळ आहे. त्यात काशाच्या पट्ट्या, घंटा, लहानमोठ्या झांजा आणि ढोल असतात. सप्तकही दोन प्रकारची, पाच स्वरांचे स्लेंद्रो आणि सात स्वरांचे पेलोग. गंमत अशी की प्रत्येक संच त्याच्यापुरताच जुळवलेला असतो. एका गावचे वाद्य उचलून दुसऱ्या गावच्या संचात ठेवले तर ते बेसूर वाजेल, कारण प्रमाण पट्टी अशी काही नाही.

बालीच्या गामेलानमध्ये वाद्ये जोडीने असतात आणि जोडीतले एक दुसऱ्यापेक्षा मुद्दाम किंचित चढे लावलेले असते. दोन्ही एकत्र वाजली की स्वर थरथरतो. आमच्या मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, तेव्हा स्वर जसा उघडतो तसाच काहीसा हा परिणाम आहे, मात्र वाट निराळी आहे. जावाचे गामेलान संथ आणि गंभीर, बालीचे वेगवान आणि लखलखीत. म्हणून माझेही मत जावा आधी असेच आहे, बालीचे ऐकून झाल्यावर जावाचे ऐकायला फार धीर लागतो. योग्यकार्ताच्या राजवाड्यात सकाळी आणि उबुदच्या राजवाड्यात संध्याकाळी कार्यक्रम होतात.

उलुवातूच्या कड्यावर सूर्यास्ताला केचक होतो. शंभराच्या आसपास पुरुष वाद्याशिवाय, केवळ तोंडाने ‘चक चक’ करत रामायण सादर करतात. वाटाडे तो हजार वर्षे जुना असल्याचे सांगतात, त्यावर विश्वास ठेवू नये. मूळचा विधी जुना आहे, पण रंगमंचावरचे हे रूप १९३० च्या दशकात वायान लिंबाक आणि जर्मन चित्रकार वॉल्टर श्पीस यांच्या सहभागातून घडले. त्याने त्याची रंगत कमी होत नाही.

औदुंबर (पलूस)

धाग्याच्या विषयाला धरूनच एक उपप्रश्न. आम्हा नोकरदारांना मार्चमध्ये पाडव्याला जोडून सुटी मिळते. त्या दिवसांत बाली कसे राहील?

अजिंक्यतारा (सातारा)

औदुंबर, तारखा नक्की करण्याआधी न्येपी, म्हणजे बालीचे नववर्ष, कधी आहे ते पाहा. बालीत जी कालगणना चालते तिच्यात शक संवत्सर आहे आणि ते आपल्या शालिवाहन शकाबरोबरच मोजले जाते. त्यांचे नववर्ष अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी येते आणि अनेकदा आपल्या पाडव्यालाच किंवा त्याच्या शेजारी पडते. २०२३ साली दोन्ही २२ मार्चला होते. २०२५ साली न्येपी २९ मार्चला आणि पाडवा ३० मार्चला होता. २०२६ साली दोन्ही १९ मार्चला, शक १९४८. दरवर्षी मात्र हे जुळत नाही. २०२४ साली न्येपी ११ मार्चला झाली आणि पाडवा एप्रिलमध्ये.

आपण पाडव्याला गुढी उभारून गोडधोड करतो, बालीत त्या दिवशी संपूर्ण बेट गप्प असते. दिवा लावायचा नाही, काम करायचे नाही, घराबाहेर पडायचे नाही, करमणूक करायची नाही. विमानतळ २४ तास बंद असतो, मोबाइलचे इंटरनेटही बंद होते आणि पर्यटकांनाही हॉटेलच्या आवारातच राहावे लागते. गावाचे स्वयंसेवक रस्त्यावर फिरून पाहणी करतात. आदल्या संध्याकाळी मात्र ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या अवाढव्य प्रतिमा वाजतगाजत निघतात. हे ठरवून पाहायला जाणे उत्तम, पण त्या दिवशीचे विमान काढून बसणे नव्हे. शिवाय मार्च हा तिथल्या पावसाळ्याचा शेवट असतो.

वाईचा घाट (वाई)

जेवणाचे राहिले. मी कट्टर शाकाहारी असून तिथे उपाशी राहिले नाही. तेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, ती जावाची आहे आणि सगळीकडे मिळते. तळलेले तेंपे, टोफू, शेंगदाण्याच्या आमटीसारख्या दाट रसातल्या उकडलेल्या भाज्या म्हणजे गादो-गादो, आणि भात, एवढ्यावर दिवस छान निघतो. धोका मसाल्यात असतो. सांबाल नावाच्या ठेच्यात बहुधा तेरासी म्हणजे कोळंबीची आंबवलेली चटणी असते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ‘तानपा तेरासी’ म्हणजे तेरासीशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करावेत. भारतीय हॉटेले बालीत भरपूर आहेत, योग्यकार्तात कमी आहेत. शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या पहिल्या दोन दिवसांपुरत्या न्याव्यात, त्याहून अधिक ओझे करू नये.

दादा हळदवाले आहेत म्हणून सांगते. योग्यकार्ताच्या बेरिंगहार्जो बाजारात जामू मिळते. ते वनौषधींचे पेय आहे, त्यातला ओली हळद आणि चिंच वाटून केलेला प्रकार घराघरांत पितात. डिसेंबर २०२३ मध्ये या जामू परंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. तिथे तेमुलावाक नावाची हळदीच्या कुळातली मोठी गड्डी दिसेल, ती पाहून तुम्हाला मोह होईल.

माहुलीकर (सातारा)

सगळे ऐकून घेतले, तरी मी सहल कंपनीची बाजू घेतो. पहिल्याच परदेशवारीला भाषा येत नसताना, रात्री विमान उशिरा पोचल्यावर हातात फलक घेऊन उभा असलेला माणूस दिसणे याची किंमत तुम्ही लोक धरत नाही. विमान चुकले, बॅग आली नाही, तर धावपळ करायला कोणीतरी असते. माझ्या आईवडिलांना मी कंपनीबरोबरच पाठवले आणि ते आनंदात आले. त्यांनी बोरोबुदूर पाहिले नाही म्हणून त्यांचे काही अडले नाही.

विश्रामबाग (सांगली)

माहुलीकरांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यासाठी पूर्ण पॅकेज घेण्याची गरज नाही. तिकिटे आणि हॉटेले स्वतः ठरवावीत. पहिल्या विमानतळावर हॉटेलची गाडी बोलवावी, ती फलक घेऊन उभी असते. योग्यकार्ताचा नवा विमानतळ शहरापासून बराच दूर आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी ही सोय कराच. पुढे बालीत एकच चालक सर्व दिवसांसाठी ठरवला की तोच वाटाड्या आणि तोच दुभाषा होतो. मुक्कामाच्या जागा मात्र तीनच ठेवाव्यात. देनपसार विमानतळाहून उबुद ४० किलोमीटरच्याही आत आहे, तरी वाहतुकीमुळे दीड तास सहज जातो. सहल कंपन्यांच्या वेळापत्रकात हा वेळ लिहिलेला नसतो, तो प्रवाशाच्या झोपेतून वसूल होतो.

येरळाकाठ (तासगाव)

सर्वांचे मनापासून आभार. घरात बसून ठरवले ते असे. सांगलीहून मुंबईला रस्त्यानेच जायचे असल्याने आदल्या दिवशी निघून विमानतळाजवळ मुक्काम करू. सिंगापूर किंवा क्वालालंपूरमार्गे एकाच तिकिटावर योग्यकार्ता. तिथे बोरोबुदूरला एक पूर्ण दिवस, प्रंबाननला दुपारपासून रात्रीच्या नृत्यनाट्यापर्यंत, आणि मध्ये एक दिवस बाजार व राजवाड्यासाठी. मग विमानाने बाली. उबुदला राहून जातिलुवीह, बातूर आणि संध्याकाळचे गामेलान. माकडांचे वन वगळले आहे. शेवटचे सर्व दिवस सानूर, तिथे कोणताही कार्यक्रम नाही, कारण वहिनींचा, म्हणजे आमच्या घरातला, हुकूम तसा आहे. पेनिदा रद्द. जावाचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास आणि बालीचे अडीच तास पुढे आहे, हे गोळ्यांच्या वेळांसाठी लिहून ठेवले आहे.

पासपोर्ट काढून पाहिले. माझा पुढच्या ऑक्टोबरमध्ये संपतो, म्हणजे जूनअखेरीला सहा महिने भरत नाहीत. नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात करत आहे आणि नवा क्रमांक मिळाल्याशिवाय तिकीट काढणार नाही.

एक शेवटचा प्रश्न. तेमुलावाकच्या दोन गड्ड्या बेणे म्हणून आणता येतील का? बांधावर लावून पाहावे असे मनात आहे.

कोयनाकाठ (कराड)

आणू नका. लागवडीचे कोणतेही कंद परदेशातून आणायला आयात परवाना आणि तिथल्या सरकारचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर विमानतळावर माल जप्त होतो, आणि न सापडता आला तर त्यासोबत येणारी कंदकूज किंवा सूत्रकृमी सांगलीच्या हळदीत शिरण्याचा धोका आहे. प्रयोगच करायचा असेल तर आपल्या कृषी विद्यापीठात चौकशी करावी.

उरमोडी (सातारा)

वहिनींना सांगा, सानूरला पाण्यात उतरताना रबरी तळाचे जलबूट घालावेत. प्रवाळाचे तुकडे पायाला कापतात आणि ती जखम लवकर भरत नाही. तिथे दुकानात मिळतात, इथून नेण्याची गरज नाही.